बोटीच्या वायरिंगमध्ये तोच बिघाड पुन्हा पुन्हा का येतो? जॉइंट तपासण्याची आणि पक्का करण्याची पद्धत

उजनी जलाशयावर सोलापूर जिल्ह्याच्या बाजूने प्रवासी नेणाऱ्या, मासेमारीच्या आणि हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला फिरणाऱ्या ज्या इंजिनाच्या बोटी चालतात, त्यांच्या चालकांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. बॅटरीचे टर्मिनल हलवले किंवा त्यावर पाना ठोकला की ते मुकाट्याने सुरू होते. काही बोटींत पुढचा दिवा मंद जळतो, काहींत तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप फिरतो पण पाणी फेकत नाही. बॅटरी दुकानात नेली की ‘बॅटरी ठणठणीत आहे’ असे सांगून परत दिली जाते, आणि कंटाळून नवी बॅटरी बसवली तरी काही आठवड्यांत पुन्हा तेच सुरू होते.

अशा तक्रारींपैकी बहुतेकांत दोष बॅटरीत नसतो आणि यंत्रातही नसतो. वायर जिथे दुसऱ्या वायरीला, थिंबलला (वायरीच्या टोकावर बसवायच्या धातूच्या टोकाला) किंवा बोल्टला जोडलेली असते, त्या बोटभर जागेत तो असतो. ही जागा शोधण्यासाठी अंदाजाची गरज नाही, कारण साध्या मल्टिमीटरने ती नेमकी सापडते. ती सापडण्यापूर्वी कोणताही भाग बदलू नये, असा माझा आग्रह आहे, कारण भाग बदलताना जॉइंट हलतो, बिघाड काही दिवस दबतो, आणि बदललेला भागच खराब होता असा चुकीचा समज पक्का होतो.

मीटर १२.६ दाखवतो, तरी पंप का चालत नाही

तपासणीत होणारी नेहमीची चूक म्हणजे भार, म्हणजे वीज घेणारे यंत्र, बंद ठेवून व्होल्टेज मोजणे. डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे वीस तारांपैकी एकोणीस तुटलेल्या आणि उरलेली एक गंजलेली असली, तरी तो तिच्यातूनही १२.६ व्होल्ट दाखवतो. पंप किंवा दिवा चालू करताच त्याच जॉइंटमधून करंट वाहू लागतो आणि व्होल्टेज तिथेच खर्ची पडते. म्हणून प्रत्येक मोजणी यंत्र चालू ठेवूनच करावी. यंत्र जागेवर नसेल, तर मोटारीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब दोन वायरी लावून भार म्हणून वापरावा, तो १२ व्होल्टवर सुमारे ५ एम्पियर करंट घेतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद असताना आणि बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यानंतर तिच्यावर १२.६ च्या आसपास व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असतील तर ती जवळजवळ निम्मी आहे. इंजिन चालू झाल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. सेल्फ मारताना मीटरच्या सळ्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धराव्यात. तिथे व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढत आहे, आणि तो वेगळा विषय आहे. तिथे व्होल्टेज टिकून राहते आणि तरीही सेल्फ फिरत नाही, असे असेल तर जॉइंट शोधायला लागावे.

आता लाल सळी बॅटरीच्या धन खुंटावर धरावी. ती क्लॅम्पवर, म्हणजे खुंटाला आवळलेल्या केबलच्या पकडीवर, धरू नये, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर टेकवावी, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला थर हाच अनेकदा गुन्हेगार असतो. काळी सळी यंत्राच्या धन टोकावर धरून यंत्र चालू करावे. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे वाटेत वाया गेलेले व्होल्टेज. मग काळी सळी एकेक टप्पा बॅटरीच्या दिशेने मागे आणावी: स्विचच्या अलीकडे, फ्यूजच्या अलीकडे, थिंबलवर, क्लॅम्पवर. ज्या दोन जागांच्या दरम्यान आकडा एकदम घटतो, तिथे बिघाड आहे. सेल्फच्या जाड केबलवर एकूण अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. पंप आणि दिवे यांच्या बाबतीत मात्र एकाच जॉइंटवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर तो जॉइंट मी कापून नव्याने करतो.

हे आकडे किरकोळ वाटतात, पण जॉइंटवर वाया जाणाऱ्या व्होल्टेजला करंटने गुणले की तिथे तयार होणारी उष्णता मिळते. दहा एम्पियर वाहत असताना एक व्होल्ट घटला, तर नखाएवढ्या जागेत दहा वॉट उष्णता सतत तयार होते. सेल्फ मारताना शंभर-दीडशे एम्पियर वाहतात, तेव्हा तेवढ्याच घटीतून शंभर-दीडशे वॉट. त्या उष्णतेने तांब्यावर काळे ऑक्साइड आणखी वाढते, रोध आणखी वाढतो आणि जॉइंट आणखी तापतो. एकदा बिघडू लागलेला जॉइंट आपोआप सुधारत नाही, त्याचे हेच कारण आहे. फ्यूजचा होल्डर हाताला कोमट लागला, तर फ्यूज उडण्याची वाट न पाहता तो होल्डर बदलावा.

उलटी वाट तपासली का?

हीच सारी मोजणी ऋण बाजूने पुन्हा करावी: एक सळी बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरी यंत्राच्या ऋण टोकावर. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्याकडच्या बोटींत निम्म्याहून अधिक त्रास याच बाजूला असतो असे माझे निरीक्षण आहे. सोलापूर, टेंभुर्णी, करमाळा भागात बोटींची वायरिंग करणारे कारागीर मूळचे ट्रॅक्टर-ट्रकचे ऑटो इलेक्ट्रिशियन असतात, आणि त्यांचा हात चांगला असतो. मात्र ट्रकमध्ये ऋण बाजू ‘बॉडी’लाच दिलेली असते, यंत्रापर्यंत एकच वायर न्यायची असते. ती सवय बोटीत घातक ठरते. फायबरची किंवा लाकडाची बोट वीज वाहून नेत नाही, तिथे प्रत्येक यंत्राला परतीची वेगळी वायर लागतेच, आणि ती वायर अनेकदा सर्वांत शेवटी, उरलेल्या तुकड्यांचे जोड देऊन टाकलेली असते.

पत्र्याच्या बोटीत बॉडी अर्थ करण्याचा मोह होतो, कारण तसे केले तरी दिवा लागतो. तो मोह टाळावा. बोटीच्या पत्र्यातून करंट परत वाहू लागला, तर पाण्याच्या संपर्कात असलेल्या धातूचे विद्युतविघटन होते, आणि पत्रा, प्रोपेलर किंवा त्याचा शाफ्ट हळूहळू खाल्ला जातो. त्यामुळे धातूच्या बोटीतही प्रत्येक यंत्राच्या दोन्ही वायरी एका ऋण आणि एका धन पट्टीपर्यंत आणाव्यात आणि तेथून जाड केबलने बॅटरीला द्याव्यात. तपासण्यासाठी बॅटरीच्या धन खुंटाची केबल काढावी, सगळे स्विच बंद ठेवावेत आणि खुंट व केबल यांच्यामध्ये मीटर मिलिएम्पियरवर लावावा. एखादा रेडिओ किंवा घड्याळ जोडलेले नसतानाही करंट दिसत असेल, तर कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडतो, त्या वाटेवर ती गळती शोधावी.

जॉइंट आतून कसा मरतो

उजनीचे पाणी गोडे आहे, समुद्रासारखे खारे नाही, म्हणून इथे गंजाची काळजी करण्याचे कारण नाही, असे अनेकजण मानतात. खाऱ्या पाण्याने नुकसान कितीतरी झपाट्याने होते हे खरे आहे, पण जलाशयाच्या गोड्या पाण्यातही विरघळलेले क्षार असतात, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडकडून भीमेच्या खोऱ्यात येणारे सांडपाणी उजनीत मिसळते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात बॅटरीतून निघणारे आम्लाचे सूक्ष्म तुषार, इंजिनाचे कंपन आणि सोलापूरचा उन्हाळा यांची भर पडते. एप्रिल-मेमध्ये बंद इंजिनपेटीत तापमान इतके चढते की पीव्हीसी टेपचा गोंद पातळ होऊन सरकतो. रात्री तो थंड होतो, मग पहिल्या पावसात उघड्या पडलेल्या फटीतून पाणी शिरते आणि तीच टेप ते पाणी आत धरून ठेवते. टेप गुंडाळलेला जॉइंट कोरडा दिसतो, पण उघडल्यावर आत ओल असते.

असा एखादा जुना जॉइंट नीट पाहण्यासारखा असतो. टेप सोडवली की वर हिरवट पूड दिसते, ती बहुधा सर्वांना परिचित असते. त्याखालची वायर सोलून पाहिली, की तांबे लालसर न दिसता काजळीसारखे काळे दिसते, तारा बोटांत चोळल्या तर मोडतात, आणि ही काळी रेघ जॉइंटपासून वीतभर आतपर्यंत गेलेली असते. बारीक तारांच्या फटींतून पाणी आवरणाखाली चढत जाते, दिव्याची वात तेल ओढते तसे. म्हणून अशा ठिकाणी फक्त टोक खरवडून नवे थिंबल लावणे निरुपयोगी आहे. तांबे लख्ख दिसेपर्यंत वायर मागे कापावी. हातभर कापूनही काळेपणा संपत नसेल, तर ती संपूर्ण वायर बदलावी.

जॉइंटमधल्या तारांना डाग देऊन म्हणजे सोल्डर करून आपण काम पक्के केले, असा समज आहे. सोल्डर वीज चांगली नेते, पण ते तारांमध्ये जिथपर्यंत चढते तिथपर्यंत वायर कडक होते आणि त्या कडेला कंपनाने एकेक तार मोडू लागते. अमेरिकेतल्या बोट बांधणीच्या एबीवायसी मानकांनुसार सोल्डर हा जॉइंटचा एकमेव यांत्रिक आधार असता कामा नये. मीही बोटीत क्रिंपच करतो, म्हणजे थिंबलची नळी वायरीवर दाबून घट्ट बसवतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर जॉइंटवर कधीच लावू नये. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तांबे गंजवते.

वायर कोणती घ्यावी

समुद्रावरच्या बोटींत प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. ‘मरीन’ नावाने विकली जाणारी अशी वायर सोलापुरात सहज मिळत नाही, ती मुंबईच्या लोहार चाळीसारख्या बाजारातून मागवावी लागते. मात्र त्याहून सोपा मार्ग आपल्या जिल्ह्यात उपलब्ध आहे. शेतातल्या सौर पंपांना पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत जी काळी-लाल डीसी केबल लावतात, तिच्यातले तांबे मुलामा दिलेले असते, तारा बारीक असतात आणि दुहेरी आवरण ऊन व ९० अंशांपर्यंतचे तापमान सोसणारे असते. ती ४ आणि ६ चौरस मिलिमीटरमध्ये सौर पंपांचे साहित्य विकणाऱ्या बहुतेक दुकानांत मिळते. घेताना टोक सोलून तारा रुपेरी आहेत याची खात्री करावी, कारण साध्या तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची केबलही ‘सोलर’ म्हणून माथी मारली जाते. घरगुती एकतारी वायर बोटीत अजिबात वापरू नये, कंपनाने ती आतल्या आत मोडते.

जाडीही महत्त्वाची आहे. समजा, ४ एम्पियर घेणारा बिल्ज पंप बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. जाऊन-येऊन वायर १२ मीटर झाली. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.६६ व्होल्ट घटतात, म्हणजे साडेपाच टक्के. २.५ च्या वायरीत ०.३९, आणि ४ च्या वायरीत ०.२४ व्होल्ट. पंप, दिशादर्शक दिवे यांसारख्या सुरक्षेच्या यंत्रांसाठी ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट, ही मर्यादा पाळली जाते. म्हणजेच ४ चौरस मिलिमीटरची सौर केबल या पंपाला नेमकी बसते.

क्रिंप कसे करावे

कामाला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. इंजिनपेटीचे झाकण उघडून काही वेळ हवा खेळू द्यावी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि पेट्रोलच्या इंजिनाजवळ वाफही साचलेली असू शकते.

आवरण असलेली थिंबल रंगांवरून ओळखता येतात: लाल साधारण १.५ चौरस मिलिमीटरपर्यंत, निळे २.५ पर्यंत, पिवळे ४ ते ६ साठी. मोठ्या थिंबलमध्ये बारीक वायर दुमडून कोंबणे हा प्रकार सर्रास चालतो, आणि तो जॉइंट पहिल्याच पावसाळ्यात उत्तर देतो. आवरण थिंबलच्या नळीएवढेच सोलावे, एकही तार कापली जाऊ नये. साध्या पकडीने किंवा हातोडीने चेपलेल्या क्रिंपमध्ये तारांमध्ये पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा व पाणी शिरते. दाब पूर्ण होईपर्यंत न सुटणारी रॅचेट क्रिंपर घ्यावी, आणि थिंबलच्या प्रकाराचीच डाय (दाबणारा साचा) वापरावी. आवरणाच्या थिंबलसाठी एक डाय असते आणि उघड्या थिंबलसाठी दुसरी. सेल्फच्या जाड केबलसाठी हायड्रॉलिक क्रिंपर लागते. ती विकत घेण्याऐवजी सौर प्रकल्प किंवा पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातून क्रिंप करून आणणे परवडते.

क्रिंप चांगला झाला का, हे तुकड्यावर तपासून पाहावे. एबीवायसीच्या मानकात १२ गेजच्या, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिलिमीटरच्या, वायरीच्या क्रिंपने साधारण १६ किलोचा ताण एक मिनिट सोसला पाहिजे. आपल्याकडे १५ किलो तेलाचा भरलेला डबा डब्यासकट जवळजवळ तेवढाच भरतो. वायरीच्या तुकड्याला दोन्ही टोकांना थिंबल लावून एक खिळ्यात अडकवावे आणि दुसऱ्याला डबा टांगावा. वायर सरकली, तर क्रिंपर, डाय किंवा थिंबल यांपैकी काहीतरी चुकले आहे, आणि ते बोटीत बसवण्याआधीच कळले.

यानंतर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे शेकल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवावी. साध्या स्लीव्हला गोंद नसतो, ती पाणी अडवत नाही. हॉट एअर गनने मधून कडेकडे शेकत न्यावे आणि दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर येईपर्यंत थांबावे. काडीपेटी किंवा लायटरने आवरण जळते, गोंद मात्र नीट वितळत नाही, शिवाय इंजिनाजवळ ज्योत पेटवणे हेच चुकीचे आहे.

बोल्टवर थिंबल बसवताना क्रमाला महत्त्व आहे. तांब्याची थिंबले एकमेकांना थेट भिडली पाहिजेत, त्यानंतर साधा वायसर, स्प्रिंग वायसर आणि नट. दोन थिंबलांमध्ये लोखंडी किंवा स्टेनलेसचा वायसर घातला तर सगळा करंट त्या वाईट वाहकातून जातो, आणि ही चूक बॅटरीच्या बोल्टवर वारंवार दिसते. एका बोल्टवर चारापेक्षा जास्त थिंबले ठेवू नयेत. नट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

बिल्ज पंपाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पंपासोबत येणारी वायर आखूड असते, त्यामुळे तिचा पहिला जॉइंट हमखास तळातल्या पाण्यातच येतो. तो वर, जमेल तितक्या उंचीवर घ्यावा, वायर दर वीतभर अंतरावर बांधावी, आणि जॉइंटच्या अलीकडे खाली लोंबणारे वळण ठेवावे, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी जॉइंटपर्यंत न पोहोचता वळणावरून थेंबाथेंबाने पडते. फ्लोट स्विचच्या (पाणी चढले की पंप आपोआप चालू करणाऱ्या तरंगत्या स्विचच्या) वायरींनाही हाच नियम. फ्यूज बॅटरीजवळ, शक्यतो वीतभर अंतराच्या आत बसवावा. फ्यूज किती एम्पियरचा हवा ते पंपावर लिहिलेले असते. जास्तीचा फ्यूज घालून ‘उडत नाही’ याचे समाधान मानू नये.

तपासणी कधी करावी

उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पातळी उणे होते आणि पाणी मागे सरकते, तेव्हा अनेक बोटी काठावरच्या गाळात उभ्या असतात. त्याच दिवसांत हे काम उरकावे. उभ्या बोटीत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आवरणही पाहावे. आधी बॅटरी, मग धन वाट, मग ऋण वाट, याच क्रमाने भार चालू ठेवून मोजणी करावी आणि प्रत्येक यंत्राची घट तारखेसह फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने किंवा पक्क्या मार्करने लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी पंपाच्या वाटेवर ०.२ ऐवजी ०.५ व्होल्ट दिसले, तर कोणता जॉइंट कापायचा हे शोधायला अर्धा तासही लागणार नाही. बोटीतल्या डब्यात दोन मीटर सौर केबल, पिवळी थिंबले, गोंदाच्या स्लीव्ह, योग्य फ्यूज आणि क्रिंपर असू द्यावी. पाण्यावर असताना स्लीव्ह शेकायला गन चालत नसेल, तर क्रिंप करून वर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि काठावर आल्यावर तो जॉइंट कापून पूर्ण पद्धतीने करावा.